एकाच झाडाचं जंगल

मंडळी, या शनिवारी जरा झाडांकडे वळूया. रेडिएटा पाइन नावाचं एक झाड आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन जागा आणि मेक्सिकोची दोन छोटी बेटं, एवढंच त्याचं माहेर. तिथे त्याला कोणी फारसं विचारत नसे. पण दक्षिण गोलार्धात नेल्यावर पठ्ठ्या असा वाढला की पंचवीस-तीस वर्षांत तोडीला तयार! न्यूझीलंडने १९२५ ते १९३५ या काळात याची बेफाम लागवड केली. मंदीतल्या बेकारांनाही त्या कामावर लावलं होतं.

यामागचं एक कारण सोपं आहे. झाड सासरी आलं, त्याचे शत्रू माहेरीच राहिले. पण किती दिवस?

पहिला दणका पूर्व आफ्रिकेला बसला. केनिया, टांझानियातल्या लागवडीत पाइनच्या सुयांवर तांबडे पट्टे दिसू लागले. ही डोथिस्ट्रोमा नावाची बुरशी. ओल्या हवेत तिचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात. खालच्या फांद्यांपासून सुया गळत जातात. सुयाच नाहीत तर झाड अन्न कसं बनवणार? मग वाढ खुंटते, कोवळी झाडं मरतातही. १९६० च्या दशकात केनियाने रेडिएटाची लागवड बंद केली आणि सायप्रससारख्या झाडांवर भर दिला. पुढे १९९० मध्ये सायप्रसवर मावा आला, ते वेगळंच!

१९६४ मध्ये ही बुरशी न्यूझीलंडमध्ये सापडली. त्यांनी मात्र रेडिएटा सोडला नाही. १९६६ पासून विमानातून तांब्याच्या औषधाची फवारणी सुरू केली. तांब्यामुळे सुयांवरचे बीजाणू रुजत नाहीत. साधारण पंधरा वर्षांचं झालं की झाड स्वतःच बऱ्यापैकी तग धरतं, म्हणजे सांभाळायचं ते लहानपणीच. सोबत विरळणी, फांद्यांची छाटणी आणि रोगाला दाद न देणाऱ्या झाडांची निवड. युक्ती चालली. आजही तिथल्या लागवडीच्या जंगलात सुमारे ९० टक्के झाडं रेडिएटाच आहेत.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला इथे जरा धडकी भरते. तांबं हा उत्तम पॅच आहे, पण डिझाइन तेच राहिलं. सगळी सिस्टिम एकाच खांबावर.

आणि हे फक्त परक्या झाडांचंच होतं असंही नाही. १९९० च्या दशकाअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात याच बुरशीने तिथल्याच लॉजपोल पाइनच्या लागवडी झोडपल्या, मोठी झाडंसुद्धा मेली. शत्रू नवा नव्हता. उन्हाळ्यातला पाऊस वाढला होता आणि माणसांनी तेच एक झाड जागोजागी लावून ठेवलं होतं.

एकच झाड लावणं स्वस्त पडतं, हे खरंच. पण फवारणी आणि पहारा यांचा खर्च त्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायला हवा. जंगल उभं राहायला तीस वर्षं लागतात, बुरशीला दोन-चार ओले उन्हाळे पुरतात.