दप्तर, बस्ता आणि संगणकाची स्मृती

1854 साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि 1861 साली मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर भंडारा जिल्ह्यात जमीन मोजून हक्क व सारा ठरवणारे जे बंदोबस्त झाले, त्यांतून गावोगावच्या मिसली तयार झाल्या. मिसल म्हणजे खसरा (शेतवार नोंद), नकाशा आणि वाजिब-उल-अर्ज, अर्थात गावच्या रिवाजांची नोंद, अशा कागदांचा संच. मूळ मिसल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात राहत असे. पटवाऱ्याच्या बस्त्यात मात्र रोज लागणारे चालू कागद असत. साऱ्याची किंवा पेऱ्याची चौकशी बस्त्यावर भागे. जुन्या हक्काचा वाद निघाला तर मात्र अर्ज, शोध आणि नक्कल असा लांबचा रस्ता धरावा लागे.

संगणकाच्या माहितीसाठ्यातही हीच दोन अंतरे आहेत. फिरत्या चकतीवरील नोंद गाठण्यास काही मिलिसेकंद लागतात, तर मुख्य स्मृतीतील नोंद सुमारे 100 नॅनोसेकंदांत मिळते. म्हणून वारंवार मागितल्या जाणाऱ्या नोंदींची प्रत स्मृतीत ठेवतात. या प्रतीला कॅश म्हणतात. 2003 साली आलेली मेमकॅश्ड आणि 2009 साली आलेली रेडिस या प्रणाली याच कामासाठी प्रसिद्धीस आल्या. प्रत सापडली तर उत्तर लगेच मिळते. न सापडली तर मूळ साठ्याकडे जावे लागते आणि कॅशमधील शोधाची फेरी वाया गेलेली असते.

खरी अडचण वेगाची नसून शिळेपणाची आहे. मूळ नोंद बदलली आणि प्रत तशीच राहिली, तर झटपट मिळालेले उत्तर चुकीचे ठरते. महसुली व्यवस्थेने हा धोका फार आधी ओळखला होता. आजही जमीन विकली गेली की फेरफार नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस मिळते, चावडीवर प्रत लागते, हरकतींसाठी मुदत असते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. वाचणे सोपे आणि बदलणे कठीण, ही रचना जाणूनबुजून केलेली आहे, आणि ती योग्यच आहे.

पण ताजी प्रतही प्रत्येक प्रश्नाला पुरत नाही. 1951 साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी पद्धत, संपली आणि त्यांनी बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव शासनाकडे आले. या तलावांच्या पाण्याच्या रिवाजाचा प्रश्न निघाला की सातबारा अपुरा पडतो आणि जुनी मिसल उघडावी लागते. म्हणूनच संगणकीकरण झाले तरी भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षातील मूळ कागद जपले गेलेच पाहिजेत.