मकावची उभी भिंत

चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथे येशूसंघीयांनी इ. स. १६०२ ते १६४० या काळात सेंट पॉल ख्रिस्तमंदिर उभारले. त्याच्या दर्शनी भागावर जपानी ख्रिस्ती कारागिरांचे हात फिरले. पवित्र मरियामातेच्या शिल्पाशेजारी चिनी अक्षरे कोरली गेली. १८३५ च्या आगीत मंदिर भस्मसात झाले; उरली ती पायऱ्यांवरची दगडी भिंत.

१९९० ते १९९५ या काळात तिचे जतन झाले. वास्तुतज्ज्ञांनी जुन्याची नक्कल केली नाही. भिंतीला काँक्रीट व पोलादाचा आधार दिला, मागे हुतात्म्यांच्या अस्थींसाठी साधे तळघर बांधले. २००५ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला.

वसई किल्ल्यातील छप्पर हरपलेली चर्चे पाहताना आम्हीही हाच धडा घ्यावा : आधार द्यावा, भग्नता झाकू नये.