लाल डब्याला वारस कोण?

कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुले केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. सुटीच्या दिवशी आईवडील मुलांना घेऊन तेथे जातात. दिवे लागतात, सिग्नल पडतो आणि इवलीशी गाडी बोगद्यातून बाहेर येते. त्या क्षणी मुलांइतकेच मोठ्यांचेही डोळे चमकतात. कपाटात मांडून ठेवलेली गाडी पाहून असे होत नाही. यंत्राचा जीव त्याच्या गतीत असतो. ज्याला यंत्र जतन करायचे असेल त्याने ते चालते ठेवले पाहिजे, हा धडा कोथरूडचे हे छोटे संग्रहालय आपल्याला देते.

परंतु ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्या रस्त्याच्या स्वतःच्या प्रवासाचे काय? १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम शेजारच्या हिंगण्याच्या माळावर नेला. फर्गसन महाविद्यालयात गणित शिकवून ते शहरातून हिंगण्याला पायी जात. पावसाळ्यात चिखल तुडवीत, अंधारात वाट शोधीत. पुढे शहरात मोटारी आल्या. सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खाजगी कंपनीच्या बसगाड्या पुण्यात धावू लागल्या आणि १९५० साली महापालिकेच्या पीएमटीने शहर वाहतुकीचा भार उचलला. २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचे एकत्रीकरण होऊन पीएमपीएमएल झाली. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय अशी मेट्रो सुरू झाली. चिखलातल्या पाऊलवाटेपासून डोक्यावरच्या रुळांपर्यंत सव्वाशे वर्षांचा हा इतिहास. आणि त्यातील मधली पन्नास-साठ वर्षे बसने आपल्या खांद्यावर वाहिली.

गावोगावी हेच काम एसटीने केले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान पहिली सरकारी बस धावली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक. गाडी बेडफर्ड बनावटीची, सांगाडा लाकडाचा आणि आसने काथ्याची. त्या आसनांवर कोण कोणाच्या शेजारी बसेल हे जात किंवा धर्म ठरवीत नसे. हातातले तिकीट ठरवी. ज्या गावात पाणवठे वेगळे होते, त्या गावातही बसचे बाकडे एकच होते. नगर जिल्ह्यातून पुण्यात नोकरीला आलेली आपली कितीतरी कुटुंबे याच गाडीने आली. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाताना मांडीवर लेकरू आणि पायाशी भाकरीचे गाठोडे घेऊन आपल्या आजी याच लाल डब्यात बसल्या. या गाड्यांनी आपला समाज हलवला, एवढे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

मुंबईची कथाही अशीच आहे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी तेथील पहिली बस धावली. १९३७ साली दुमजली बस आली. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली, पण दुमजली बस टिकून राहिली. अखेर १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे गेली. गाडीला हारफुले बांधली होती आणि निरोप द्यायला माणसे जमली होती. आता दुमजली बस मुंबईत आहे, पण ती विजेवर चालणारी, वातानुकूलित. तिचे घराणे वेगळे. बेस्टने आणिक आगारात संग्रहालय केले आहे, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. मात्र तेथे बहुतेक इतिहास प्रतिकृतींतून, तिकिटांतून आणि यंत्रांतून पाहायचा. त्यात बसून जायचे नाही.

जुन्या बसमधून प्रत्यक्ष जायचे म्हणजे काय, हे पाहायचे तर इंग्लंडकडे वळावे लागते. विल्टशायर परगण्यात इम्बर नावाचे खेडे आहे. डिसेंबर १९४३ मध्ये सैन्याच्या सरावासाठी ते रिकामे केले गेले आणि गावकऱ्यांना पुन्हा कधी परत येऊ दिले नाही. सेंट जाईल्सचे जुने चर्च मात्र उभे राहिले. २००९ पासून बसप्रेमी मंडळी उन्हाळ्यात एक दिवस वॉर्मिन्स्टर गावातून तेथपर्यंत लंडनच्या जुन्या लाल दुमजली गाड्या चालवतात. लंडनच्या नियमित सेवेतून २००५ साली निवृत्त झालेल्या रूटमास्टर गाड्या त्यांत असतात. आजोबा नातवाला मागच्या उघड्या पायरीवरून वर चढवतात, वाहक घंटा वाजवतो आणि जेथे कोणीही राहत नाही अशा गावाला गाडी निघते. त्या एका दिवशी चर्चमध्ये पुन्हा माणसांची वर्दळ होते आणि प्रवाशांच्या दानातून त्याच्या जतनाला हातभार लागतो. एका म्हाताऱ्या बसने एका हरवलेल्या गावाची आठवण जिवंत ठेवली आहे.

आपल्याकडे असे का होऊ नये? आड येते ती केवळ उदासीनता नव्हे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी देणारा नियम केला. तो दुचाकींना आणि लहान मोटारींना लागू आहे. बसला त्यात जागा नाही. महाराजांची मोटार वारसा ठरली आणि प्रजेची बस भंगार. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि परिवहन महामंडळांच्या बसगाड्याही त्यात आल्या. म्हणजे आज रस्त्यावर असलेली एसटी पन्नास वर्षांची होण्याआधीच लिलावात निघणार. वारसा होण्याइतके आयुष्यच तिला मिळणार नाही.

पंधरा वर्षांच्या नियमामागे प्रदूषणाची आणि सुरक्षिततेची चिंता आहे, आणि ती रास्त आहे. जुन्या गाड्यांनी रोजची वाहतूक करावी असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक बनावटीची एक गाडी राखून ठेवावी, दापोडीच्या कार्यशाळेतील कसबी हातांनी ती चालती ठेवावी आणि वर्षातून एक दिवस लोकांना तिच्यात बसू द्यावे, एवढी सवलत नियमात मावू शकते. १ जून ही तारीख त्यासाठी आधीच ठरलेली आहे. २०२२ साली त्याच दिवशी, त्याच पुणे-नगर मार्गावर एसटीची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. तिच्या पुढे एखादी लाकडी सांगाड्याची बेडफर्ड असती, तर नव्या गाडीचा मान वाढलाच असता.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हाती काही आहे. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त चालक आहेत, वाहक आहेत, कार्यशाळेत आयुष्य घालवलेले फिटर आहेत. त्यांच्याजवळ बिल्ले आहेत, छायाचित्रे आहेत, तिकिटांचे पेटारे आहेत आणि त्याहून मोलाच्या आठवणी आहेत. एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे. गाडी भंगारात गेली तर लोखंड जाते. ती चालवणारा माणूस न बोलता गेला, तर गाडी दुसऱ्यांदा भंगारात जाते.