मूल बालवाडीत कधी घालावे? : वय, दोन राज्यांचे नियम आणि आपले घर

कापसाचा हंगाम संपत आला, उन्हे तापू लागली की आपल्या घरांमध्ये हा विषय निघतो. "यंदा लहान्याला नर्सरीत घालायचं का?" आजी म्हणते, अजून अंगावर पितो, राहू द्या वर्षभर. वडील म्हणतात, शेजारच्यांचा मुलगा इंग्रजीत कविता म्हणतो. शाळेची गाडी गल्लीतून फिरू लागते आणि बहुतेक वेळा निर्णय त्या गाडीमुळेच होतो. मंडळाच्या बैठकीत तरुण आई-वडील हा प्रश्न पुष्कळदा विचारतात, म्हणून आम्हाला माहीत असलेले नियम, हिशेब आणि चार अनुभवाच्या गोष्टी येथे एकत्र लिहीत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. बालवाडीचे वय पुढून मोजू नये, मागून मोजावे. मूल पहिलीत किती वर्षांचे असावे हे प्रथम ठरवावे आणि तेथून तीन वर्षे मागे यावे. तसेच ते बसवण्यासाठी जन्मतारखेला कधीही हात लावू नये.

पूर्वी वय कसे मोजत

आमच्या लहानपणी गुरुजी मुलाला उभे करून उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचे झाले, नाव दाखल. जन्माची नोंद घरी कोणाकडे नसे, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला" एवढेच आई सांगे. मग गुरुजी जूनमधली एखादी तारीख लावून टाकत. आपल्यातील अनेक ज्येष्ठांचे वाढदिवस 1 जूनला येतात ते यामुळेच. त्या पद्धतीत तारीख खोटी असे, पण मूल खरोखर मोठे झालेले असे. आज नेमके उलट होते. जन्माचा दाखला बिनचूक असतो आणि मूल मात्र शाळेसाठी लहान असते.

नियम काय सांगतात

शिक्षण हक्क कायदा 2009 हा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच कायद्यात 3 ते 6 या वयासाठी सरकारने पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करावी असेही म्हटले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा धरला : तीन वर्षे बालवाडी, मग पहिली आणि दुसरी. म्हणजे नर्सरी 3 पूर्ण, एलकेजी 4 पूर्ण, यूकेजी 5 पूर्ण आणि पहिली 6 पूर्ण. केंद्र सरकारने पहिलीसाठी 6 वर्षांची अट पाळावी असे राज्यांना कळवलेले आहे.

आपल्या भागात मात्र एकाच मुलाला तीन वेगळ्या मापांनी मोजले जाते.

तेलंगणात आंध्र प्रदेशाच्या काळापासून 5 वर्षे पूर्ण झाली की पहिलीत घेण्याची चाल आहे. ही अट बदलण्याची चर्चा आहे, तेव्हा त्या वर्षीचा नियम शाळेत विचारूनच पुढे जावे.

महाराष्ट्रात त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षे पूर्ण होत असतील तर पहिली आणि 3 वर्षे पूर्ण होत असतील तर नर्सरी.

केंद्रीय विद्यालयात 31 मार्चला 6 वर्षे पूर्ण असतील तरच पहिली. तेथे ही अट 2022-23 पासून आहे.

आपल्याला महाराष्ट्राशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून निघाले, नाती निघाली नाहीत. आपल्या लेकी नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरला दिलेल्या आहेत, तिकडच्या सुना आपल्याकडे आहेत. नोकरी, बदली, शेती, आजारपण, कशानेही मूल पैनगंगा ओलांडून शाळा बदलू शकते.

एक हिशेब

दोन मुले घेऊ. पहिले 1 नोव्हेंबर 2022 चे, दुसरे 1 फेब्रुवारी 2023 चे. दोघांत तीनच महिन्यांचे अंतर.

जून 2028 मध्ये पहिले मूल 5 वर्षे 7 महिन्यांचे असेल. तेलंगणाच्या चालीप्रमाणे ते पहिलीत बसेल आणि महाराष्ट्रातही बसेल, कारण डिसेंबरच्या आत त्याला सहा पूर्ण होतात. केंद्रीय विद्यालयात मात्र त्याला 2029 पर्यंत थांबावे लागेल.

दुसरे मूल जून 2028 मध्ये 5 वर्षे 4 महिन्यांचे असेल. तेलंगणात त्याला पहिलीत घेतील. महाराष्ट्रात आणि केंद्रीय विद्यालयात ते 2029 सालीच पहिलीत जाईल. म्हणजे हे मूल येथे पहिली पूर्ण करून किनवटला गेले, तर तेथे दुसरीच्या वर्गात सर्वांत लहान ठरेल, नाहीतर त्याच्या वयाची मुले पहिलीत बसलेली दिसतील.

घाई केली नाही आणि पहिलीसाठी 2029 धरले, तर दोन्ही मुले तिन्ही मापांत बसतात. तेथून मागे या : यूकेजी 2028, एलकेजी 2027, नर्सरी 2026. नर्सरीत जाताना एक मूल 3 वर्षे 7 महिन्यांचे आणि दुसरे 3 वर्षे 4 महिन्यांचे असेल. हेच वय आम्हाला योग्य वाटते. जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी हा हिशेब कागदावर जरूर मांडावा, कारण जास्त घोटाळा त्यांचाच होतो.

पुढच्या परीक्षांचाही विचार करावा. नवोदय विद्यालयाच्या सहावीसाठी मूल साधारण दहा वर्षांचे झालेले लागते. वैद्यकीय प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण लागतात. चार-सव्वाचार वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवले, तर इंटर पास होऊनही त्याला एक वर्ष घरी थांबावे लागते. लहानपणी वाचवलेले वर्ष तेथे परत द्यावे लागते.

जन्मतारखेचे व्याज

ही गोष्ट आमच्याच घरची आहे. आमच्या मोठ्या मुलाचा जन्म ऑक्टोबरचा. पहिलीच्या वेळी त्याला पाच वर्षे पूर्ण व्हायला चार महिने कमी होते. शाळेत सांगितले, "मे लिहून टाकू, सगळेच लिहितात." आम्ही मान हलवली आणि अर्जावर सही केली. नगरपालिकेच्या दाखल्यावर ऑक्टोबर आणि दहावीच्या मेमोवर मे असे झाले. पासपोर्टच्या वेळी ते निघाले. प्रतिज्ञापत्रे, खेटे, महिनोन्‌महिने थांबणे, सर्व झाले. दोन कागदांवर दोन तारखा म्हणून आम्ही स्वतः बँकेच्या खिडकीवरून किती ग्राहकांना परत पाठवले होते! शाळेला दोष देता येत नाही, सही आमची होती.

त्याहून मोठी गोष्ट मुलाने पुढे सांगितली. प्राथमिक शाळेतली सगळी वर्षे तो वर्गात सर्वांत लहान होता. धावण्यात मागे, अक्षर वाकडे, आणि "तुला जमत नाही का?" हे रोजचे. बुद्धी कमी नव्हती, महिने कमी होते. वर्गातील सर्वांत लहान मुलांना मागे पडलेले किंवा चंचल ठरवले जाण्याची शक्यता जास्त असते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. फिनलंडमध्ये तर मूल सातव्या वर्षी शाळेत जाते, आणि तो देश शिक्षणात मागे आहे असे कोणी म्हणत नाही.

आता तारीख बदलून चालणारही नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी, नावाचे स्पेलिंग दोनदा वाचावे, आणि तीच तारीख, तेच स्पेलिंग सर्व कागदांवर ठेवावे. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांनी घाबरू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्यातच आहेत.

सहापर्यंत घरी बसवायचे का?

नाही. तीन ते सहा ही वर्षे मोलाची आहेत, फक्त ती वहीची नाहीत. हे आपल्या भाषेतल्याच दोन बायकांनी फार पूर्वी दाखवून दिले. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना तेथली. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, खडे, पाने, बिया वापरून मुले मोजायला आणि ओळखायला शिकत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही हेच आहे : खेळ, गाणी, गोष्टी, मातृभाषा, आणि सहा वर्षांपर्यंत पाठ्यपुस्तकाचा आग्रह नाही. तेव्हा नर्सरीत रोज गृहपाठ देणारी शाळा पुढारलेली आहे, असे समजू नये.

आपल्या मुलांची चार भाषांची पाटी

आपले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत तेलुगू ऐकते, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. काही गावांत गोंडीही कानावर पडते. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची आहे, आणि येथे राहायचे तर ती यायलाच हवी. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला अनोळखी भाषेच्या वर्गात बसवले की ते पहिले काही महिने गप्प राहते. ते गप्प राहणे म्हणजे मंदपणा नव्हे, मूल ऐकत असते. या काळात घरी मराठी बंद करू नये. बाईंच्या सांगण्यावरून घरात मोडके इंग्रजी बोलणारे आई-बाप आम्ही पाहिले आहेत. त्याने इंग्रजी येत नाही आणि आजीशी बोलणे तेवढे तुटते. ज्याला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते, तो दुसरी भाषा लवकर उचलतो. जैनथ, बेला या बाजूच्या गावांत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. पटसंख्या घटली की शाळेवर गदा येते, म्हणून तेथील कुटुंबांनी तो पर्याय आधी पाहावा.

निर्णयापूर्वी एवढे पाहा

नर्सरीसाठी : मूल शू-शी सांगते का, डब्यातले स्वतः खाते का, दोन तास आईविना राहते का, आपले नाव सांगते का.

पहिलीसाठी : पंधरा मिनिटे गोष्ट ऐकते का, दोन सूचना लक्षात ठेवते का, बटण लावते का, हरल्यावर सावरते का.

शाळेसाठी : घरापासून अंतर किती, एका बाईंकडे मुले किती, खेळायला मोकळी जागा आहे का, संडास स्वच्छ आहे का.

उत्तरे अर्ध्याहून अधिक "नाही" असतील, तर वर्षभर अंगणवाडीत पाठवावे किंवा घरी आजी-आजोबांजवळ ठेवावे. त्यात काही बुडत नाही. मूल बोलत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

आमचा नातू यंदा साडेतीन वर्षांचा झाला. सून म्हणाली, ओळखीने थेट एलकेजीत घेतील, एक वर्ष वाचेल. या वेळी मुलानेच नको म्हटले. नातू नर्सरीत गेला. सकाळी रडतो, दुपारी आल्यावर बाईंची नक्कल करून दाखवतो. दाखल्यावर त्याची खरी तारीख आहे. अर्ज आम्ही दोनदा वाचून घेतला.