गळाची विद्या आणि बोरीचा बांध

धाराशिव जिल्हा हा कोरडा मुलूख. येथील नद्या पावसाळ्यांत दुथडी भरतात आणि उन्हाळ्यांत त्यांच्या पात्रांतून बैलगाडी जाते. असल्या प्रदेशांत गळानें मासे धरण्याचें शास्त्र रचलें गेलें असें सांगितलें, तर कोंकणांतला मनुष्य हंसेल. पण तें खरें आहे.

नळदुर्गाच्या पूर्वेस कल्याणी नगरी होती. आजचें कर्नाटकांतील बसवकल्याण तें हेंच. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादिला. मराठी अभ्यासक त्याला ओळखतात तो ओवीच्या उल्लेखासाठीं. त्यांतील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाकडे सहसा कोणी वळत नाहीं. त्यांत समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, हें निवडून सांगितलें आहे. मांसाहारी माशांस मांस द्यावें, इतरांस तिळाची पूड व भात यांचे गोळे, अशी ज्याची त्याची आवडही नोंदली आहे. दोरी, काठी व गळ यांचा विचार आहेच. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर निबंध लिहिला. गळाच्या छंदावरचें आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाचें प्रसिद्ध पुस्तक १६५३ चें, म्हणजे सोमेश्वरानंतर पांचशें वर्षांनीं आलेलें.

मात्र हें ज्ञान राजाला सिंहासनावर बसून सुचलें असेल, असें मानणें कठीण आहे. कोणता मासा कशाला भुलतो, हें ज्याचें पोट त्यावर अवलंबून असतें त्यालाच आधीं कळतें. राजानें लिहिलें म्हणून राजाचें नांव राहिलें. ज्या भोयांनीं त्याला शिकविलें असेल, त्यांचें एकही नांव ग्रंथांत आलें नाहीं. राजाला जो विनोद, तो त्यांचा धंदा होता.

गळाला खोल व संथ पाणी लागतें, आणि या मुलुखांत तें बांधावांचून टिकत नाहीं. नळदुर्गास दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ मध्यें, बोरी नदीवर दगडी बांध घातला गेला. नळदुर्ग व रणमंडळ हे दोन किल्ले त्यानें जोडले. हेतु मासे पाळण्याचा नव्हता; शत्रूस अडवावें व किल्ल्यास पाणी पुरावें, एवढाच. बांधाच्या पोटांत पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत नर आणि मादी हे दोन धबधबे वरून कोसळत असतां आंतला मनुष्य कोरडा राहतो, ही त्या गवंड्यांची करामत. लढाया संपल्या, आदिलशाही बुडाली. पाणी अडविण्याचें काम मात्र भिंत करीतच राहिली.

अशा भिंतीशीं माशांचा ओढा असतो, त्याला कारण आहे. पाण्यांतील दगडांवर शेवाळ धरतें, फटींत किडे राहतात, त्यांवर लहान मासे येतात आणि लहानांमागें मोठे. शिवाय पाणी ओसरूं लागलें, कीं बांधालगतचा डोह सर्वांत शेवटीं आटतो. सोलापूर-तुळजापूर वाटेवरचा एकरूख तलाव १८७१ चा, नळदुर्गाहून अडीचशें वर्षांनीं धाकटा. मातीच्या धरणालाही पाण्याच्या अंगास दगडांचें अस्तर देतात, तेथेंही हाच न्याय चालतो.

स्वातंत्र्यानंतर अनेक तलावांतील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांस ठेक्यानें देण्याची पद्धत पडली. त्यांत भोयांस कायद्यानें पाण्यावर जागा मिळूं लागली. ठेका परवडण्यासाठीं जाळें व होडी लागते. एकाच दोरीवर भागविणारा गरीब त्यांत बसेलच असें नाहीं. आणि उन्हाळ्यांत बांधालगतच्या शेवटच्या डोहांत मासे कोंडले, कीं जाळें एका दिवसांत तो डोह रिकामा करूं शकतें, पुढील पावसाळ्याच्या वाणासकट.