प्लेग, पुणे आणि मंगळवारचा अंक : १८९७ (थ्रेड)

साथीच्या काळात वृत्तपत्राने नेमके काय करावे? लोकांना औषधोपचाराकडे वळवावे, की उपचारांच्या नावाखाली चाललेल्या जुलमाला वाचा फोडावी? पुण्याच्या पत्रकारितेपुढे हा प्रश्न १८९७ साली उभा राहिला. त्याची किंमत कोणी तुरुंगात मोजली, तर कोणी जाहीर माफीने.

आरंभ मुंबईत होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. मराठी पत्रांनी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. सामान्य माणूस त्याला गाठीचा ताप म्हणे.

रोगापेक्षा वेगाने अफवा पसरल्या. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसे मारून त्यांच्या देहातून औषधी अर्क काढतात, अशी वदंता होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. पत्रे अशा अफवांना अडाणीपणा म्हणून हिणवीत, आणि हिणवण्यासाठी का होईना, त्या छापीतही. छापील अक्षरावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकावर याचा परिणाम काय झाला असेल, याचा अंदाज आपणही करू शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने मांडले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली घरे धुणारा अधिकारी आणि त्याच्यावर टीका करणारा संपादक, दोघेही संसर्गाच्या खऱ्या वाटेविषयी अंधारातच होते. सरकारपाशी शास्त्र होते आणि लोकांपाशी केवळ अंधश्रद्धा, ही मांडणी म्हणूनच अपुरी ठरते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यातील प्लेग समितीचे प्रमुखपद वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आले. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडती घेत होत्या. रुग्णाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडले जाई. सैनिक स्वयंपाकघरात व देवघरात शिरत, सामान जाळले जाई, स्त्रियांची तपासणी उघड्यावर होई. तक्रारींचा रोख यावर होता.

टिळकांनी आरंभापासून विरोध केला, हा समज बरोबर नाही. ‘केसरी’ने प्रथम उपाययोजनांना सहकार्य करण्याचाच सल्ला दिला आणि शहर सोडून निघून गेलेल्या पुढाऱ्यांवर कोरडे ओढले. टिळक स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोग्याला वेगळे ठेवणे त्यांना मान्य होते. ते बंदुकधारी शिपायाकडून व्हावे, हे मान्य नव्हते. दर मंगळवारी निघणाऱ्या या पत्राचा सूर त्यानंतरच्या आठवड्यांत चढत गेला.

पण ‘केसरी’ म्हणजे सगळे पुणे नव्हे. सोवळ्याओवळ्याचा भंग हा अनेक पत्रांना जीवितहानीइतकाच गंभीर वाटत होता, हे मान्य करायला हवे. त्याच काळात हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. सावित्रीबाई १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, कामगारांची बाजू मांडणाऱ्या ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगनेच निवर्तले. कष्टकऱ्यांच्या नजरेतून ही साथ लिहू शकणारा संपादक ऐन साथीतच हरपला. या हानीची चर्चा आपण फारशी करीत नाही.

आता पुराव्याचा प्रश्न. मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला लिहून प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या दुरवस्थेविषयी तक्रार केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे फेटाळले. त्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रे आली आणि त्यांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून आरोप केला : सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली.

विलायतेत खळबळ उडाली. सरकारने पुण्यात विचारणा केली, तर साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे सांगितली नाहीत. जुलैअखेर परतल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्यापायी स्वकीयांचाही रोष ओढवून घेतला. मला यात गोखल्यांचा दुबळेपणा दिसत नाही. ज्या समाजात अत्याचार झाला असे सांगणेच स्त्रीच्या घराण्याला कलंक मानले जाई, तेथे साक्षीदार कोठून यावा? म्हणून आरोप सिद्ध झाला नाही, याचा अर्थ काही घडलेच नाही असाही होत नाही. आपल्या हाती उरते ती एवढीच अनिश्चितता.

तोवर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’चा गाजलेला अग्रलेख त्यानंतरचा. २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

खटल्यातला तपशील मात्र पाहण्यासारखा आहे. आरोप ज्या मजकुरावर उभा होता, तो झडत्यांचा वृत्तांत नव्हताच. १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेले एक पद्य, हा तो मजकूर. लढाई भाषांतराची झाली : मराठी शब्दाचा सरकारी इंग्रजी प्रतिशब्द बरोबर की नाही, यावर वकील भांडत राहिले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला. सहा युरोपीय ज्यूरर ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी ‘निर्दोष’. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती वाढवली गेली. साथरोग कायदा मात्र शतकाहून अधिक काळ टिकला. २०२०च्या कोरोना साथीत आपण त्याचेच कलम वाचत होतो.

जाता जाता अभ्यासकांसाठी एक. सरकारी भाषांतरकार त्या काळी देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला वरिष्ठांकडे धाडीत असत. त्या काळातील कित्येक लहान मराठी पत्रांचे मूळ अंक आज मिळत नाहीत. ती काय म्हणत होती, हे शोधायला त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी लिहिलेले हेच गोषवारे उघडावे लागतात.