रिपोर्टमधला आकडा ‘राउंड फिगर’ करून सांगावा का?

बाजारात साडेएकोणपन्नास रुपयांचे पन्नास झाले तर फारसे बिघडत नाही. तपासणीचा आकडा मात्र तसाच ढोबळ केला, तर कधी कधी आजारच नजरेआड होतो. गंगाखेड किंवा जिंतूरहून फोनवर रिपोर्ट सांगताना नातेवाईक अनेकदा पॉइंटनंतरचा आकडा सोडून देतात. म्हणून हे समजून घ्या.

नियम काय आहे?

जिथपर्यंत आकडा ठेवायचा, त्याच्या लगेच पुढचा अंक पाहावा. तो ५ किंवा जास्त असेल तर आधीचा अंक एकने वाढवावा. ४ किंवा कमी असेल तर तसाच ठेवावा. हे एकदाच करावे. ७.४६ ची थेट पूर्ण संख्या ७ येते. आधी ७.५ आणि मग ८ केले तर उत्तर चुकते.

कुठे चालते?

प्लेटलेट १,४९,६०० असतील तर ‘दीड लाख’ म्हणायला हरकत नाही. जेवणानंतरची साखर १८२ ऐवजी १८० सांगितली म्हणून उपचार बदलत नाहीत.

कुठे चालत नाही?

• क्रिएटिनिन: परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. शेतात काम करून शरीरातले पाणी कमी झाले, त्यातच अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या, की मूत्रपिंडावर ताण येतो. काल ०.८ आणि आज १.३ असेल, तर दोन्हींचे राउंड फिगर १ च! पण ४८ तासांत ०.३ ची वाढसुद्धा मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण मानली जाते.

• एचबीए१सी: ५.७ पेक्षा कमी म्हणजे सामान्य, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ‘सहा आहे’ एवढेच सांगितले तर तो आकडा ५.६ आहे की ६.४, हे कळत नाही.

• बाळाचे औषध: तापाच्या पॅरासिटामॉलचा डोस साधारण दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम धरतात. ८.४ किलोच्या बाळाला १२६ मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे ५.०४ मिली होतात, म्हणून ५ मिली दिले जाते. राउंड फिगर हिशेबाच्या शेवटी होते, आणि ते डॉक्टरांनी करायचे. सिरप आणि ड्रॉप्सची तीव्रता वेगळी असते. बाटली बदलली तर डोस पुन्हा विचारा.

घरी काय करावे?

आकडा पॉइंट आणि एककासह, छापला आहे तसाच सांगा. जमल्यास रिपोर्टचा फोटो पाठवा. डोस लिहून ठेवताना पॉइंटआधी शून्य लिहा: ‘.५ मिली’ घाईत ५ मिली वाचले गेले तर औषध दहापट जाते. जुने रिपोर्ट जपून ठेवा. आजचा आकडा किती बदलला, हे त्यांच्यामुळेच कळते.